जपानी फसफसत्या गोळ्या: चाखायच्या कशा आणि गुण द्यायचे कसे

जपानी फसफसती कडक गोळी तोंडात टाकली की सुरुवातीला बहुतेक वेळा काहीच होत नाही. गोड लागते, सोड्याचा हलका वास येतो, बस्स. नवखा माणूस नेमका इथेच घाई करतो. गोळी दाढेखाली धरतो, कडकन फोडतो, आतली सगळी पूड एकदम जिभेवर सांडते, दोन क्षण तोंडात खळबळ उडते आणि खेळ संपतो. मग तो सांगत सुटतो की ही नुसती आंबट गोळी आहे. या गोळीत पाहायचं असतं ते फसफस कधी येते, कशी चढत जाते आणि कशी ओसरते हे. गुण देताना सगळ्यात जास्त वजन या तीन गोष्टींना द्यायचं, असं माझं ठाम मत आहे. पुढची सगळी पद्धत त्यावरच उभी आहे.

आधी जात ओळखा

‘जपानी सोडा कँडी’ या एका नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. त्यांना एकाच मापाने मोजलं तर चारांवरही अन्याय होतो.

पहिली रामुने. रामुने हे मुळात पेय. लिंबाच्या अंगाचं, गोड, वायू भरलेलं, आणि बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी अडकवलेलं. ती बाटली बघून आपल्याकडच्या कुणालाही गोटी सोडा आठवेल, आणि ते बरोबरच आहे, कारण दोन्हींची बाटली एकाच घराण्यातली. हायरम कॉड या इंग्रजाने १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं पेटंट घेतलं. आतल्या वायूच्या दाबाने गोटी वर ढकलली जाते आणि तीच बूच होते. जपानमध्ये या पेयाची सुरुवात कोबे बंदरातल्या परदेशी वसाहतीतला स्कॉटिश औषधविक्रेता अलेक्झांडर कॅमेरून सिम याच्या नावाशी आणि १८८४ या सालाशी जोडली जाते. पुढे त्याच चवीच्या, दाबून बनवलेल्या ठिसूळ पांढऱ्या वड्या आल्या आणि त्यांनाही रामुनेच म्हणू लागले. मोरिनागा कंपनीच्या वड्या १९७३ पासून बाटलीच्या आकाराच्या छोट्या डबीत मिळतात. त्यांत ९० टक्के ग्लुकोज असतं. ग्लुकोज विरघळताना उष्णता शोषून घेतं, म्हणून वडी जिभेवर गार लागते. पण तो गारवा झाला. त्याला फसफस समजून गुण देऊ नका.

दुसरी जात आपल्या कामाची: कडक पाकाची गोळी, तिच्या पोटात किंवा अंगात फसफसणारी पूड. तिसरी, वरून आंबट पूड चोळलेली कडक गोळी. हिचा तडाखा पहिल्याच क्षणी बसतो आणि मग ती झपाट्याने शांत होते. नोबेल कंपनीची सुपर लेमन याच स्वभावाची; तिचा जोर आंबटपणावर आहे. चौथी तडतडणारी कँडी. तिच्या साखरेच्या कणांत दाबाखाली कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. कण विरघळला की वायू फुटून बाहेर पडतो आणि तड्‌तड् आवाज होतो. ही युक्ती विल्यम मिचेल या अमेरिकन रसायनतज्ज्ञाची, १९५०च्या दशकातली. जपानी पाकिटावर तडतडीला ‘पाचिपाची’ लिहिलेलं असतं आणि फसफशीला ‘शुवाशुवा’. दुकानात उभं असताना एवढे दोन शब्द ओळखता आले तरी निम्मं काम होतं.

पोटात काय भरलेलं असतं

कडक गोळीचा पाक म्हणजे साखर आणि ‘मिझुआमे’, म्हणजे पिष्टापासून केलेला दाट चिकट गोड रस. दोन्ही एकत्र १५० अंश सेल्सिअसच्या आसपास आटवतात, अगदी दोन-तीन टक्के पाणी उरेपर्यंत. मिझुआमे नसेल तर साखरेचे पुन्हा स्फटिक बनतात आणि गोळी रवाळ, धुरकट होते. चांगल्या गोळीचा पाक काचेसारखा नितळ असतो, आणि हे डोळ्यांनी तपासता येतं.

फसफशीचं रसायन तर आपल्या स्वयंपाकघरातलंच. खाण्याचा सोडा आणि एखादं आम्ल, बहुधा सायट्रिक, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व. कोरडे असताना दोघं शेजारी शांत बसतात. लाळेचं पाणी मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो. अडचण एवढीच की हे मिश्रण उकळत्या पाकात टाकलं तर सगळा वायू कढईतच निघून जाईल. म्हणून पूड वेगळी करतात आणि पाक लवचिक अवस्थेत आला की त्याच्या पोटात भरतात. पूड भरलेली कडक गोळी आपल्याला नवी नाही. २०१५ साली बाजारात आलेल्या पल्स गोळीच्या पोटातली तिखट-मीठ पूड आठवा. रचना तीच, फक्त भरलेला माल वेगळा.

आता जिभेवर नेमकं काय जाणवतं? आपल्याला वाटतं बुडबुडे टोचतात. पण २००९ साली चार्ल्स झुकर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर एक विकर (एन्झाइम) असतं, ते कार्बन डायऑक्साइडचं आम्लात रूपांतर करतं आणि त्या पेशी ते टिपतात. याखेरीज तोंडातले वेदना टिपणारे मज्जातंतूही त्या आम्लाने चाळवतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना दाबाच्या खोलीत बसवून असं पेय दिलं की ज्यात बुडबुडे तयारच होऊ शकत नव्हते. तरी झणका तसाच लागला. म्हणजे फसफशीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत: बुडबुड्यांचा स्पर्श आणि आम्लाचा झणका. वहीत त्यांना दोन वेगळे रकाने द्या. काही गोळ्यांत झणका भरपूर आणि बुडबुडे नावाला असतात, काहींत उलट. हा फरक पकडता यायला लागला की चाखण्यात खरा रस येतो.

पाकीट निवडताना

सुरुवात मित्सुया सायडर कँडीपासून करा. जपानमध्ये सायडर म्हणजे दारू नव्हे. तिथे ते पारदर्शक, गोड, वायू भरलेलं साधं पेय आहे. मित्सुयाचं मूळ ह्योगो प्रांतातल्या हिरानोच्या झऱ्याच्या पाण्यात, आणि कंपनी आपली परंपरा १८८४ पासून मोजते. आज हे नाव आसाही समूहाकडे आहे. गोळी सौम्य आहे, फसफस ओळखू येण्याइतकी स्पष्ट आहे, आणि जपानमधल्या किराणा दुकानांत व कोंबिनी, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानांत ती सहज सापडते. पहिल्याच दिवशी अतिआंबट पाकीट उघडलं तर जीभ बधिर होते आणि पुढचं काही कळत नाही. नागोयाच्या कासुगाई कंपनीच्या गोळ्याही परदेशातल्या आशियाई दुकानांत दिसतात. पुण्यात जपानी शिकणारे इतके आहेत की जपानहून येणारं कोणी ना कोणी ओळखीत निघतंच. पाकीट मागवायला तो मार्ग सर्वांत सोपा.

पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय घेऊ नका. जपानी येत नसेल तर फोनचा कॅमेरा भाषांतर करून देतो. तीन गोष्टी बघा.

‘मेइश्यो’ हा पहिला रकाना, म्हणजे मालाचं नाव. कडक गोळी असेल तर तिथे ‘क्यांदी’ असतं. रामुनेच्या वड्यांवर बहुधा ‘सेइर्‍यो-काशी’ दिसतं.

मग घटक. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, आणि साधारणपणे एका तिरक्या रेघेनंतर मिश्रकं, म्हणजे वरून घातलेली रसायनं, येतात. या रेघेच्या पुढे खरी माहिती दडलेली असते. ‘सान्मिर्‍यो’ म्हणजे आंबटपणा आणणारं आम्ल. ‘जूसो’ म्हणजे खाण्याचा सोडा. दोन्ही असतील तर गोळी खरोखर फसफसेल. नुसतं सान्मिर्‍यो असेल आणि सोडा नसेल, तर पाकिटावर कितीही बुडबुडे रंगवलेले असोत, ती फक्त सोड्याच्या चवीची आंबट गोळी आहे. ही एक खूण लक्षात ठेवलीत तर पैसे वाचतील.

तिसरं शाकाहाऱ्यांसाठी. जपानी पाकिटावर आपल्यासारखा शाकाहाराचा हिरवा ठिपका नसतो. कडक गोळीत जिलेटिन सहसा लागत नाही, पण ‘झेराचिन’ हा शब्द शोधून खात्री करा. लाल-गुलाबी गोळ्यांत ‘कोचिनिरु’ हा किड्यांपासून काढलेला रंग असू शकतो. चकाकीसाठी लावलेलं ‘कोताकुझाइ’ कधी लाखेपासूनचं असतं. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी पांढऱ्या किंवा पारदर्शक, चकाकी न लावलेल्या सायडर गोळीने सुरुवात केली तर शंकेला जागा कमी उरते. तरी पाकीट वाचाच.

जीभ तयार करणं

नवख्याला एक सराव मी आग्रहाने सांगते. जपानी पाकीट उघडण्याआधी घरी पूड करून बघा. एक चमचा पिठीसाखर, पाव चमचा लिंबूसत्त्व, आठवा हिस्सा चमचा खाण्याचा सोडा. चमचा आणि वाटी पूर्ण कोरडी हवी. नीट मिसळून चिमूटभर जिभेवर ठेवा. फेस येईल, थोडा गारवा लागेल (ही क्रिया उष्णता शोषते), मग आंबट, आणि सोडा जास्त झाला असेल तर शेवटी साबणासारखी खारट-तुरट चव. ही शेवटची चव नीट ओळखून ठेवा. महागड्या गोळ्यांतही ती कधी कधी डोकावते, आणि तिथे गुण कापायचे असतात. आता दुसऱ्या चिमटीत लिंबूसत्त्व वाढवा, तिसऱ्यात सोडा. तोल बिघडला की कसा लागतो, हे पुस्तक वाचून कळत नाही.

गोडी आणि पाकाचं माप म्हणून एक साधी लिमलेटची गोळी चघळा. तिच्यात फसफस नाही, त्यामुळे नुसता पाक कसा विरघळतो, किती वेळ टिकतो, कडा धारदार होतात का, हे स्वच्छ कळतं.

चाखण्याच्या तासभर आधी चहा-कॉफी, पान, तंबाखू आणि तिखट नको. ठेचा खाऊन बसलात तर झणका गोळीचा की मिरचीचा, हे कळणारच नाही. नुकते दात घासले असतील तरी थांबा. कोमट पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे जवळ ठेवा. दोन गोळ्यांच्या मधे तेवढंच.

चाखण्याची पद्धत

गोळी फ्रिजमधली नको, कारण बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं. आवरण काढा, उजेडात धरून पाहा. पाक नितळ आहे का, आत पुडीचा पांढरट गाभा दिसतो का, गाभा मधोमध आहे की एका अंगाला सरकलेला? सरकलेला असेल तर फसफस लवकर आणि एकदम येईल. हे आधीच लिहून ठेवा आणि नंतर पडताळा. मग वास घ्या.

फोनवरचं घड्याळ सुरू करा आणि गोळी जिभेच्या मध्यावर ठेवा. दात लावायचे नाहीत, हा एकच कडक नियम. तोंड मिटून नाकाने श्वास सोडा, कारण सुगंधाचा मोठा भाग घशामागून नाकात चढतो. पहिला मिनिटभर फक्त पाकाकडे लक्ष द्या: गोडी अंगावर येते का, सुगंध खरा वाटतो की औषधी.

मग गोळी हळूहळू एका गालाकडून दुसऱ्या गालाकडे फिरवा. एका जागी ठेवली तर तिथला पाकच आधी झिजतो. जिभेच्या टोकाने गोळी चाचपत राहा. कुठेतरी बारीक भोक पडतं आणि पूड झिरपायला लागते. त्या क्षणाची वेळ लिहा. ही गोळीच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची नोंद. आता दोन्ही कानांत बोटं घाला. बाहेरचा आवाज बंद झाला की हाडांतून आतली चुरचुर ऐकू येते. जिभेला जे पुसट वाटतं ते कानाला कित्येकदा स्पष्ट कळतं.

पुढे दर अर्ध्या मिनिटाने शून्य ते पाच असा एक आकडा टाका: बुडबुड्यांसाठी एक, झणक्यासाठी एक. लांब वाक्यं लिहित बसू नका. गोळी संपल्यावर आकडे जोडले की वर चढणारी आणि खाली येणारी रेषा दिसते. चांगल्या गोळीची रेषा सावकाश चढते, थोडा वेळ माथ्यावर राहते आणि पाक संपेपर्यंत पूर्ण मावळत नाही. वाईट गोळीचा एक उंच सुळका येतो आणि मग नुसती साखर उरते. शेवटी पाकाची काच पातळ होऊन धारदार होते, तेव्हा जीभ जपा.

गोळी संपल्यावर लगेच पाणी पिऊ नका. मागे काय राहिलं ते पाहा: स्वच्छ आंबटगोड, की सोड्याचा खारटपणा, की टाळूला चिकटलेला कृत्रिम वास.

एका बैठकीत चार-पाच गोळ्या पुरे. आम्लाने जीभ सोलवटते आणि मग प्रत्येक गोळी वाजवीपेक्षा आंबट लागते.

गुण

मी वीसपैकी गुण देते. त्यातले आठ फसफशीला: तीन वेळेला (कधी आली, सावकाश आली का), तीन टिकण्याला, दोन पोताला, म्हणजे बुडबुडे बारीक आहेत की भरड. जोराला वेगळे गुण मुद्दामच ठेवलेले नाहीत. नुसत्या जोराला गुण दिले की आंबट पुडीचा ढीग भरलेली गोळी पहिली येते, आणि संयमाने बनवलेली मागे पडते. चवीला चार, आंबट-गोडाच्या तोलाला तीन, पाकाला तीन, मागे राहणाऱ्या चवीला दोन.

‘आवडली की नाही’ हे या वीसात मिसळू नका. त्याच्यासाठी वेगळी नऊ पायऱ्यांची पट्टी ठेवा: एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे ना धड आवडली ना नावडली, नऊ म्हणजे अतिशय आवडली. अन्नपरीक्षणात ही पट्टी १९५०च्या दशकापासून वापरात आहे. अमेरिकन लष्कराच्या जेवणासाठी ती तयार झाली. एखादी गोळी उत्तम बनलेली असूनही मला न आवडणं शक्य आहे. मेलन (खरबूज) सोड्याच्या बाबतीत माझं नेहमी हेच होतं: बनावट चोख, पण तो हिरवा गोडवा मला पेलत नाही.

नोंद साधारण अशी दिसावी: ‘कोला, गडद तपकिरी, पाक नितळ. वास लिंबू-दालचिनीचा. फसफस १ मि. ५० से.ला, एका बाजूने. बुडबुडे ३, झणका २. माथा ३ मिनिटांवर. ४ मिनिटांनंतर फक्त साखर. मागे सोडा नाही. फसफस ५/८, चव ३/४, तोल ३/३, पाक २/३, शेवट २/२. एकूण १५. आवड ७.’ सहा महिन्यांनी वाचली तरी गोळी तोंडात आठवते, एवढं त्यात असलं म्हणजे झालं.

चार जण मिळून चाखत असाल तर आवरणं आधी कुणीतरी काढून ठेवा आणि वाट्यांना तीन आकडी क्रमांक द्या. ‘क’ आणि ‘ख’ लिहिलं की माणूस नकळत ‘क’ला वरचढ ठरवतो. सगळ्यांनी आपापले गुण लिहून होईपर्यंत बोलायचं नाही. एका माणसाने ‘अहाहा’ म्हटलं की बाकीच्यांचे गुण तिथेच बिघडतात. प्रत्येकाचा क्रम वेगळा ठेवा, कारण पहिली गोळी कायम जास्त झणझणीत लागते.

जपायच्या गोष्टी

पाच वर्षांखालच्या मुलांना कडक गोळी देऊ नका. ती घशात अडकू शकते. साखर आणि आम्ल एकत्र असल्याने दातांना ही जोडी वाईट, म्हणून नंतर पाण्याने खळखळून चूळ भरा आणि दात अर्ध्या तासाने घासा. मधुमेह असेल तर एकेका गोळीतही चार-पाच ग्रॅम साखर असू शकते, हे धरून चला. एक विचित्र गोष्टही सांगून ठेवते: उंच डोंगरांवरच्या विरळ हवेचा त्रास टाळायला किंवा काचबिंदूसाठी ॲसिटाझोलामाइड घेणाऱ्यांना वायूची पेयं सपक लागतात, कारण ते औषध वर सांगितलेलं विकरच रोखतं. असा कोणी चाखायला बसला असेल तर त्याचे फसफशीचे गुण धरू नका.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उघडं पाकीट फार टिकत नाही. पाक हवेतलं पाणी ओढतो, चिकट होतो, आणि ओल आत पोहोचली की पुडीतला सोडा-आम्ल तिथल्या तिथे संपून जातं. गोळ्या आवरणासकट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, ओल शोषणारी पुडी टाकून ठेवा. चिकट झालेल्या गोळीला गुण देऊ नका. तो साठवणीचा दोष आहे.

सायडर हाताखालून गेली की पुढे कोला घ्या. लिंबू, दालचिनी, व्हॅनिला अशा अनेक वासांची ती गुंफण असते, आणि फसफशीबरोबर ते वास एकेक करून पुढे येतात. त्यानंतर द्राक्षाचा सोडा. मग मेलन सोडा, जो जपानी किस्सातेन कॅफेंत हिरव्यागार पेल्यात मिळतो, आणि त्यावर व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा घातला की त्याला क्रीम सोडा म्हणतात. उमे या आंबट जपानी फळाची फसफसती गोळी मिळाली तर ती शेवटी ठेवा. तिच्यात आंबटाबरोबर मीठ येतं, आणि त्या मिठामुळे झणका किती वाढला हे सांगता येण्याइतकी जीभ तोवर तयार झालेली असते.